दोन बोटांच्या अंतरावर

संयुत्तनिकायातल्या वेदनासंयुत्तात सल्लसुत्त नावाचं एक लहानसं सुत्त आहे. दोन बाणांचा दृष्टान्त म्हणून ते आता घरोघरी पोचलं आहे. पण दृष्टान्त पोचला आणि सुत्त मागेच राहिलं, असं मला सारखं वाटतं. म्हणून आज ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचू. आणि नागपुरात बसून वाचू, कारण इथल्या बौद्ध वस्त्यांमध्ये अंगातली कळ ही पोथीपुरती गोष्ट नाही.

आधी हे सुत्त कुणाच्या शेजाराला बसलं आहे ते पाहावं. त्याच्या दोन घरं अलीकडे पाताळाचं सुत्त आहे. समुद्राच्या पोटात अथांग पाताळ आहे असं लोक म्हणतात. बुद्ध म्हणतात, पाताळ हे शरीराच्या दुःखद वेदनेचंच नाव आहे. अडाणी माणूस त्या वेदनेत रडतो, छाती बडवतो, कारण त्याला तिथं पाय टेकायला जागा सापडलेली नसते. त्यानंतरचं सुत्त म्हणतं की दुःखद वेदनेकडे बाण म्हणून पाहावं. मग आपलं सल्लसुत्त. आणि त्याला लागूनच पुढचं सुत्त घडतं ते वैशालीच्या महावनातल्या आजारी भिक्खूंसाठीच्या दालनात. पाताळ, बाण, पुन्हा बाण आणि मग थेट रुग्णालय. ज्यांनी हा क्रम लावला ते वेदनेबद्दल हवेत बोलत नव्हते.

सुत्ताची सुरुवात एका बरोबरीने होते. धम्म न ऐकलेल्या माणसाला सुखाची वेदना होते, दुःखाची होते, सुखाचीही नाही आणि दुःखाचीही नाही अशी होते. धम्म ऐकलेल्या आर्यश्रावकालाही या तिन्ही होतात. मग दोघांत फरक तो कोणता, असं भगवान भिक्खूंना विचारतात. भिक्खू अंदाज बांधत नाहीत, आपणच सांगा म्हणतात.

या बरोबरीवर मी नेहमी थांबतो. साधू-संतांच्या चरित्रांत आपल्याला याच्या उलट ऐकायची सवय आहे. महाराजांच्या अंगावर निखारा पडला आणि त्यांना कळलंसुद्धा नाही, समाधी इतकी गाढ की विंचू डसला तरी डोळा उघडला नाही. इथं पहिल्या दोन वाक्यांतच ती अपेक्षा मोडून टाकली आहे. जाणत्याला दुखतं. नेणत्याला दुखतं तसंच दुखतं. शरीराच्या पातळीवर साधनेने कुठलीही सूट मिळत नाही, हे कबूल करूनच सुत्त पुढे सरकतं. खुद्द बुद्धांच्या पायात दगडाची कपची घुसल्याची, अखेरच्या वर्षावासात बेलुव गावी त्यांना मरणप्राय वेदना झाल्याची हकिगत तिपिटकात जपून ठेवली आहे. ती झाकावी असं कुणालाही वाटलेलं नाही.

आता दृष्टान्त. एका माणसाला बाण लागतो. मग त्याला दुसरा बाण लागतो. आता तो दोन बाणांच्या वेदना भोगतो, एक शरीराची आणि एक चित्ताची. बस्स, एवढंच.

हाच दृष्टान्त आज ज्या रूपात मोबाइलवर फिरतो त्यात एक भर घातलेली असते: पहिला बाण नशिबाने मारला, दुसरा मात्र तुम्ही स्वतःच स्वतःला मारून घेतला. सुत्त पुन्हा वाचा. तिथं असं कुठंही म्हटलेलं नाही. त्या माणसाला दुसरा बाण लागतो, तोही पहिल्यासारखाच, कुठून तरी येऊन. धनुष्य कुणाच्या हातात होतं हे सांगितलेलं नाही. मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्ताला सांगितलेल्या बाणाच्या गोष्टीत जखमी माणूस विचारत बसतो की बाण मारणारा कोण, कुठल्या गावचा, कुठल्या वर्णाचा, उंच की ठेंगू. इथं तो प्रश्नच उठत नाही. बाण मारणारा दृष्टान्तात उभाच केलेला नाही, आणि जखमी माणसाच्या हातात तर धनुष्य मुळीच दिलेलं नाही.

ही गोष्ट लहान दिसते. पण ज्याला खरंच दुखतं आहे त्याच्या उशाशी बसून हे सुत्त वाचलं तर तिचं मोल कळतं. दुखणाऱ्या माणसाला तुझं निम्मं दुःख तूच तयार करतो आहेस, असं सांगणं म्हणजे त्याच्या अंगात तिसरा बाण खुपसणं. बुद्ध तसं करत नाहीत. दुसरा बाण लागतो हे ते सांगतात, तो न लागणं शक्य आहे हेही सांगतात. दोष मात्र देत नाहीत.

जुन्या अट्ठकथेने, म्हणजे सुत्तांवरच्या पाली भाष्याने, या जागी एक तपशील पुरवला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. दुसरा बाण नेमका कुठे लागतो? पहिल्या जखमेच्या तोंडापासून एका बोटावर, फार तर दोन बोटांवर. इतक्या जवळ लागल्यामुळेच दुसऱ्याची कळ पहिल्यापेक्षा जास्त असते. हे लिहिणाऱ्याने जखमा पाहिल्या असणार. एक बाण मांडीत आणि एक दंडात लागला असता तर माणूस दोन्ही वेगळे ओळखू शकला असता. दोन बोटांच्या अंतरावर लागलेल्या बाणांत कुठली कळ कशाची, हे सांगणं अशक्य होतं. सगळं मिळून एकच दुखणं वाटतं. शरीराची वेदना आणि चित्ताची वेदना या वेगळ्या आहेत, हे ऐकायला सोपं आहे. ती दोन बोटं दिसणं, हीच सगळी साधना.

नागपुरात पहिल्या बाणाला एक नाव आहे. सिकलसेल. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, एवढीच काय ती चूक. पण त्यामुळे गोल, लवचीक तांबड्या पेशी ताठर होतात, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पलीकडच्या हाडाला, स्नायूला प्राणवायू मिळत नाही, आणि मग जी कळ उठते तिला इंग्रजी पुस्तकं संकट म्हणतात. विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आहे, तसाच पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि इतरही काही जातींत आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, म्हणजे दीक्षाभूमीवरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अवघ्या दीड-दोन वर्षांत. या शहरात संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी आयुष्य वेचलं. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या आजाराला अपंगत्वाच्या यादीत जागा दिली.

सिकलसेल असलेल्या घरातली एक रात्र अशी असते. थंडीचे दिवस, पोरीला संध्याकाळपासून बारीक कणकण. दीडच्या सुमाराला ती उठून बसते. "मा, हाड फुटून राहिलं." दोन्ही नडग्या, मग कंबर, मग छातीच्या फासळ्या. आई गरम पाण्याची पिशवी आणते, तांब्याभर पाणी समोर ठेवते आणि दर थोड्या वेळाने घोट घोट पाजत राहते, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अजून अडकतात हे तिला कुठल्याही डॉक्टरपेक्षा पक्कं ठाऊक असतं. गोळी दिलेली असते. आता वाट पाहायची. आणि या वाट पाहण्यात बाकीचं सगळं आत शिरतं. परवाच तर भरती करून आणलं होतं. बापाची उद्याची मजुरी बुडणार. बारावीचा पेपर. लग्न कसं होणार हिचं. मागच्या खेपेला रात्रपाळीच्या कुणीतरी म्हटलं होतं, इतकं काही दुखत नसतं, नाटक करू नको.

हे शेवटचं वाक्य पाहा. दुसरा बाण बऱ्याचदा असा बाहेरून येतो. दुखणाऱ्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणारा माणूस तो मारतो. मागच्या जन्मीचं पाप म्हणणारी शेजारीण मारते. सोयरीक मोडणारे मारतात. लागतो मात्र त्या पोरीच्या चित्तात, जखमेपासून दोन बोटांवर. सुत्ताने बाण मारणाऱ्याची जागा मोकळी सोडली, याचा मला इथं अर्थ लागतो. त्या मोकळ्या जागेत कधी आपण स्वतः असतो, कधी आपली भीती, कधी दुसरं कुणी.

वेदनेचा स्पर्श झाल्यावर नेणता माणूस काय काय करतो, याची सुत्तात पाच क्रियापदं आहेत. तो शोक करतो. तो थकून जातो. तो विलाप करतो. तो छाती बडवून आक्रोश करतो. तो संमोहात पडतो. पाली सुत्तांत ही ओळ पुष्कळ ठिकाणी येते, ठरावीक साच्याची म्हणून वाचणारा तिच्यावरून घसरून जातो. पण चढउतार पाहा. पहिली दोन आतली, मुकी. पुढची दोन मोठ्या आवाजाची, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाणारी. आणि पाचवं पुन्हा मुकं. आक्रोशानंतर शांतता येते, पण ती सुटकेची नसते. डोळे उघडे असतात आणि नजर कुठेच नसते. ज्यांनी रात्रभर असा रुग्ण सांभाळला आहे त्यांना ही पाचवी अवस्था ओळखता येते, आणि रडण्यापेक्षा तिचीच त्यांना जास्त धास्ती असते. सुत्तकाराने तिला जाणूनबुजून शेवटी ठेवलं आहे असं मी मानतो.

बहुतेकांचं सुत्त इथं संपतं. दोन बाण, पाच क्रियापदं, झालं. पण खरा गाभा यापुढे आहे, आणि तोच कुणी सांगत नाही.

बुद्ध म्हणतात, दुःखद वेदनेचा स्पर्श झाला की नेणत्या माणसाच्या मनात तिच्याविषयी चीड उठते, प्रतिकार उठतो, आणि त्या प्रतिकाराचा एक सुप्त थर आत साचत जातो. आणि मग तो काय करतो? तो कामसुखाकडे वळतो. का? कारण दुःखद वेदनेतून बाहेर पडायचा सुखाखेरीज दुसरा रस्ता त्याला माहीतच नसतो.

हे वाक्य मी कितीदा तरी वाचलं आहे आणि दर वेळी त्यातल्या कळवळ्याने चकित झालो आहे. सुखाच्या मागे धावणाऱ्या माणसाला चंगळवादी, लोभी, पापी म्हणणारी प्रवचनं ढिगाने आहेत. इथं त्याच्या धावण्याचं कारण सांगितलं आहे: त्याला दुखतं आहे आणि दुसरं दार त्याला दिसत नाही. नागपुरात हे शोधायला लांब जावं लागत नाही. पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा गालात धरून दिवसभर ओझी वाहणाऱ्याला विचारा, हे कशाला? कंबर दुखते, याने बरं वाटतं, असं उत्तर येईल. दारू का, तर अंग मोडून येतं. रात्री दोनपर्यंत मोबाइल का, तर झोप लागत नाही, मन लागत नाही. यांतला एकही जण मौज करत नाही. प्रत्येक जण बाण लागलेल्या जागेपासून दूर पळतो आहे, आणि पळायला वाट एकच.

यानंतर सुत्त आणखी एक पायरी खाली उतरतं. सुखही नाही, दुःखही नाही अशी जी तिसरी वेदना, तिच्यात माणूस काय करतो? तिथं तो काहीच पाहत नाही, आणि न पाहण्याचा, अविद्येचा थर साचतो. ही जागा सगळ्यांत कमी रंगतदार आणि म्हणूनच दुर्लक्षित. पण कळ असणाऱ्या माणसाच्या आयुष्यात हे दिवस किती असतात ते मोजा. दोन संकटांच्या मधले दिवस. दुखत नाही, विशेष सुखही नाही. हे दिवस हिशेबात धरलेच जात नाहीत. पुढची कळ कधी येते याची वाट पाहण्यात ते जातात. सुत्ताच्या हिशेबात मात्र त्यांना दुखण्याच्या दिवसांइतकीच किंमत आहे. साधना सुरू करायची तर ती याच दिवसांत करता येते. बाण लागल्यावर ढाल शोधत बसायला वेळ नसतो.

हे शिकण्याची एक जागा नागपूरजवळ आहे. शहराच्या वायव्येला माहूरझरी गावात 'धम्म नाग' हे विपश्यना केंद्र आहे. माहूरझरी पुरातत्त्ववाल्यांना वेगळ्या कारणाने ठाऊक असतं: इथं लोहयुगातली शिलावर्तुळं आहेत, मणी घडवण्याची जुनी जागा आहे, आणि १९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात दफनांमधून लोखंडी हत्यारं आणि घोड्यांचे साज निघाले. बाण आणि भाले घडवणाऱ्यांच्या भूमीवर आज लोक बाणाच्या वेदनेकडे पाहायला बसतात, हा योगायोग मला आवडतो, पण त्यावर मी काही उभं करणार नाही.

दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते, आणि तेव्हापासून रोज तीन वेळा एक-एक तास अधिष्ठानात बसायचं असतं. डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत. पहिली वीस मिनिटं बरी जातात. मग डाव्या घोट्याचं हाड जमिनीवर टेकलं आहे तिथं एक ठिपका तापायला लागतो. तो गुडघ्यापर्यंत चढतो. मांडी बधिर होते आणि बधिरपणाच्या कडेला मुंग्या फिरायला लागतात. आता लक्ष देऊन पाहिलं तर आत दोन गोष्टी चाललेल्या असतात. एक, घोट्यातला ताप, धडधड, ताण. तो क्षणाक्षणाला जागा बदलतो, वाढतो, विरतो. दुसरी, अजून किती वेळ, पाय कायमचा गेला तर, शेजारचा कसा शांत बसला आहे, मलाच का जमत नाही. पहिली घोट्यात आहे. दुसरी घोट्यात नाही. पण ती घोट्यातच आहे असं वाटतं. अट्ठकथेतली ती दोन बोटं इथं पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसतात, आणि दिसली की क्षणभर दुसऱ्या बाणाची कळ मंदावते. पहिल्याची तशीच राहते.

सत्यनारायण गोयंका यांची गोष्ट या संदर्भात अनेकांना माहीत आहे. १९२४ साली मंडालेत एका मारवाडी घरात जन्मलेले गोयंका अर्धशिशीने इतके हैराण होते की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते त्या डोकेदुखीसाठीच गेले, आणि गुरूंनी त्यांना आधी परत पाठवलं: डोकेदुखी घालवायला धम्म नाही. १९५५ साली ते खऱ्या अर्थाने बसले. पुढे १९६९ मध्ये ते भारतात आले आणि इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. या गोष्टीतला माझ्या आवडीचा भाग गुरूंचा नकार आहे. वेदना कमी करण्याच्या सौद्याने जो बसतो तो वेदनेकडे पाहतच नाही, ती गेली का, गेली का, असं घड्याळ पाहतो. तोही सुखाकडे पळण्याचाच एक प्रकार. अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी बौद्ध ध्यानपरंपरेतून अभ्यासक्रम बांधला, तेव्हाही दुखणं घालवण्याचं आश्वासन न देता दुखण्याशी नातं बदलायचं, हाच धागा त्यांनी धरला.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मांडी घालून बसल्याने दुखणारा घोटा आणि प्राणवायूवाचून कासावीस झालेलं हाड यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. घोट्याचं दुखणं तासाभराने उठलं की जातं. ती शिकण्याची वेदना आहे. सिकलसेलच्या संकटात न हलता बसण्यात कसलाही पराक्रम नाही. तिथं पाणी, ऊब, वेदनाशामक आणि दवाखाना. म्हणूनच शिबिराच्या अर्जात आजारांची माहिती विचारतात, आणि ज्यांना गरज आहे त्यांना खुर्ची मिळते. सुत्तात पहिला बाण अंगात तसाच ठेवा असं कुठेही सांगितलेलं नाही. मालुंक्यपुत्ताच्या गोष्टीत तर नातलग तातडीने वैद्याला बोलावतात, आणि शहाणपण त्याच्याकडून बाण काढून घेण्यातच आहे. बौद्ध परंपरेत जीवक वैद्याचा इतका मान आहे तो काही उगाच नाही.

आता नागपुरातला एक प्रश्न, जो इतर कुठल्या शहरात इतक्या तीव्रतेने विचारला जाणार नाही. वेदना सोसायला शिकवणारं हे सुत्त शेवटी अन्याय सोसायलाही शिकवत नाही का? ज्या समाजाला हजारो वर्षं तुझ्या नशिबात हेच आहे म्हणून सांगितलं गेलं, त्याने दुसऱ्या बाणाची ही भाषा ऐकून कान टवकारलेच पाहिजेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात हाच काटा बोचत असल्याचं मांडलं आहे: सगळं जीवन दुःख म्हटलं की आशेलाच जागा उरत नाही. त्याच ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्तावर त्यांनी थेट घाव घातला. गरीब आणि दुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकावी, याखेरीज त्या सिद्धान्ताचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालाचं उत्तर वेदनासंयुत्तातच, पंधरा सुत्तं पुढे मिळतं. मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहात येऊन विचारतो, माणूस जे जे भोगतो ते सगळं पूर्वकर्माचं फळ, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजून दाखवतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र प्रकोप, ऋतुपालट, शरीराची नीट निगा न राखणं, बाहेरून झालेला आघात. आठवं आणि शेवटचं कर्मविपाक. आणि वर म्हणतात की पित्ताने वेदना होते हे माणसाला स्वतःला कळतं, जगालाही ते मान्य आहे. तेव्हा सगळंच पूर्वकर्म म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाच्या ज्ञानाच्या पलीकडे धाव घेतात. त्या पोरीला मागच्या जन्मीचं पाप म्हणणाऱ्या शेजारणीला याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. आघात हे कारण यादीत आहे, म्हणजे जो मारतो त्याची जबाबदारीही यादीत आहे.

बाबासाहेबांचं शरीर कसं झालं होतं, हेही या शहराने पाहिलं आहे. मधुमेह, पायांतल्या वेदना, क्षीण होत गेलेली नजर. 'द बुद्धा अँड हिज धम्म' लिहिताना प्रकृतीचे इतके चढउतार झाले की डॉक्टरांनी त्यांची ज्योत विझत चालली असं म्हटलं होतं, हे त्यांनीच आपल्या प्रस्तावनेत नोंदवलं आहे, आणि ती पुन्हा पेटवल्याचं श्रेय पत्नी माईसाहेब व डॉ. मालवणकर यांना दिलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते हातात काठी आणि माणसाचा आधार घेऊन दीक्षाभूमीवर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहिले आणि दीर्घ भाषण केलं. अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, ते गेले. त्यांनी वेदनेवर ध्यान केलं असा दावा मी करत नाही. मी इतकंच पाहतो की त्या ग्रंथात, बुद्धांच्या माणुसकीबद्दलच्या खंडात, अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या भिक्खूची हकिगत त्यांनी अगत्याने घेतली आहे. बुद्ध आनंदाकरवी पाणी आणवतात, स्वतः ते ओततात, आनंद त्या भिक्खूला धुतो, दोघं मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवतात आणि बुद्ध संघाला बजावतात की एकमेकांची शुश्रूषा तुम्ही नाही करणार तर कोण करणार. वेदनेचं तत्त्वज्ञान आणि वेदना असलेल्याची सेवा यांची ताटातूट बाबासाहेबांनी होऊ दिली नाही. वेदनासंयुत्तानेही होऊ दिलेली नव्हती.

सुत्ताचा उत्तरार्ध रचनेच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पूर्वार्धातली जवळजवळ सगळी वाक्यं परत येतात, फक्त प्रत्येकाला नकार जोडलेला असतो. शोक करत नाही, थकत नाही, विलाप करत नाही. घाईने वाचणारा कंटाळतो. पण हे पाठांतराचं वाङ्मय आहे. मोठ्याने म्हणून पाहिलं की तोच रस्ता उलट्या दिशेने चालल्यासारखं होतं, आणि चालताना एकाच जागी पाय थबकतो. बाकी सगळं नाकारलं गेलं, एक वाक्य नाकारलं गेलं नाही. त्या माणसाला बाण लागतो. दुसरा लागत नाही. पहिला लागतोच. सुत्त संपेपर्यंत कुणी तो काढत नाही.

या उत्तरार्धातला श्रावक कोण? अट्ठकथा स्पष्ट सांगते की इथं मुख्यतः अर्हत अभिप्रेत आहे, त्याच्या एक पायरी अलीकडचा अनागामीही चालेल. म्हणजे दुसरा बाण अजिबात न लागणं हे साधनेचं शेवटचं टोक आहे. हे वाचून मला निराशा येत नाही, उलट हायसं वाटतं. दुखणाऱ्या मुलीला दुसरा बाण लागू देऊ नकोस असं सांगणारा तिच्याकडे रात्री दीड वाजता अर्हतपद मागत असतो, आणि परंपरा स्वतःच त्याला अडवते.

मग आपल्यासारख्यांसाठी काय? संयुत्तनिकायातच भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीचा नकुलपिता भेटतो. तो भिक्खू नाही, प्रपंचातला माणूस आहे. तो येऊन सांगतो की मी म्हातारा झालो, सारखा आजारी असतो, आपलं दर्शनही मला क्वचितच घडतं. माझ्या हिताचं काही सांगा. बुद्ध आधी त्याचं म्हणणं मान्य करतात: खरं आहे, हे शरीर आजारीच आहे, ते घेऊन फिरणारा क्षणभर तरी निरोगी असल्याचा दावा करील तर तो मूर्खपणाच. आणि मग सांगतात, शरीर आजारी असलं तरी माझं चित्त आजारी होणार नाही, असा सराव करत राहा. सराव करत राहा. झालं पाहिजे असं नव्हे.

म्हातारा तिथून निघतो आणि बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांच्याकडे जातो. सारिपुत्त त्याच्याकडे पाहून विचारतात, गृहपती, आज चेहरा इतका प्रसन्न कसा, धम्माचे शब्द ऐकून आलात वाटतं? तो होय म्हणतो आणि जे ऐकलं ते सांगतो. सारिपुत्त विचारतात, पण शरीरासोबत चित्त आजारी कसं होतं आणि कसं होत नाही, हे भगवंतांना पुढे विचारावंसं वाटलं नाही? नकुलपित्याने विचारलेलं नसतं. ते तुमच्याकडूनच ऐकायला मी लांबून आलो, असं तो म्हणतो, आणि मग कुठे सारिपुत्त पंचस्कंधांचं सविस्तर विवरण सुरू करतात. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला होता तो त्या विवरणाच्या आधीच.